बघूशेठची तालीम

लाँड्रीवाल्याला सगळी गल्ली बघूशेठ म्हणायची. कुणी काही विचारलं की त्याच्या तोंडातून पहिला शब्द ‘बघू’ निघायचा. त्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘करतो’. ऐकणारा मात्र ‘हा काही करत नाही’ असं समजून चालता व्हायचा. दुकान सगळं दवाखान्याच्या चादरींवर चालायचं. दवाखान्याने स्वतःचं मशीन आणलं आणि भट्टी थंड पडली. आता नव्या हॉटेलच्या मॅनेजरने चादरींच्या कामासाठी उद्या बोलावलं होतं. हेही हातचं गेलं तर शटर कायमचं खाली.

बायकोने इस्त्री उभी केली आणि पायावर पाय टाकून खुर्चीत बसली.

“मी मॅनेजर. या, आत या.”

“अगं, पाठ ठणकतेय. उद्याचं उद्या...”

“अगं काय? साहेब म्हणा.”

“साहेब, पाठ ठणकतेय.”

“मग घरी जा. बाहेर दुसरा लाँड्रीवाला बसलाय.” तिने तोंड असं तुसडं केलं की त्याला हसू फुटलं. “दात काढू नका. चादरींवरचे चहाचे डाग निघतील?”

“बघू.”

तिने कपाळावर हात मारला. “जळलं मेलं ते बघू! निघतील म्हणा.”

“निघतील.”

“सकाळी नेलेलं संध्याकाळी परत?”

“ब...” त्याने ओठ मिटले. “मिळेल.”

“रविवारी?”

“रविवारी झोपतो गं मी.”

“साहेब!”

“झोपतो हो, साहेब.”

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट अंगात चढवून तो गेला. मॅनेजरने मोबाईलमधून मान वर केली नाही. डाग? निघतील. संध्याकाळी परत? मिळेल. दर खेपेला ओठांवर आलेला ‘ब’ त्याने गिळला.

“आणि रविवारी?”

डोळ्यांसमोर अंथरूण आलं. ते बाजूला सारून तो म्हणाला, “मिळेल.”

“मग आजपासूनच पाठवतो.”

घरी आल्यावर तो चपला न काढताच कपड्यांच्या गाठोड्यावर टेकला.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“मिळालं. रविवारसकट.”

ती इस्त्रीने भाजलेलं बोट चोळत उभी राहिली. “आपल्या दोघांच्यानं निभेल का हो?”

“बघू,” तो म्हणाला.

तिने या खेपेला कपाळाला हात लावला नाही. पदर खोचला आणि भट्टी पेटवायला गेली.