मास्तरांची साक्ष

शाळांचे गणवेश शिवून शिवून मास्तरांची पाठ वाकली होती, त्यात बायकोची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून मशीन एका खोलीत, खाट दुसऱ्या खोलीत आणि मास्तर मधल्या उंबऱ्यावर. तिला उठवायचं, पुसायचं, भरवायचं आणि परत येऊन कॉलर जोडायची. रविवारी ते चर्चमध्ये मुलांना शिकवत. आता तिथंही डोळे मिटले की डुलकी लागे.

चर्चला नवे पाळक आले. तरुण, मनाने चांगले, आवाज खणखणीत. त्यांच्या प्रार्थनेला गर्दी होऊ लागली. एकदा त्यांनी मास्तरांच्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणा तर रडलाच.

"रविवारी साक्ष द्या, मास्तर," पाळक म्हणाले. "येशूनं तिला बरं केलं, एवढंच सांगा."

"उभी राहिली खरी. पण काखेत माझा हात होता."

"भावजी, कशाला कीस काढताय?" मेहुणा म्हणाला. "लोकांचा विश्वास वाढतोय, वाढू द्या की."

रविवारी मास्तर पुढे गेले. 

"माझी बायको बरी झालेली नाही," ते म्हणाले. "आजही मीच तिला उचलून आणलंय. तिचा विश्वास कमी पडला असं कुणी म्हणू नका. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला आणि पुन्हा उठला. तो तिला बरं करू शकतो. नाही केलं, तरी तो आमचा प्रभूच. याहून जास्त मला सांगता येत नाही."

पाळकांनी गीत सुरू केलं. पुढे मुलांचा वर्ग दुसऱ्याकडे गेला आणि मेहुण्यानं येणं सोडलं. तिला उचलू लागायला तेवढा एकच हक्काचा माणूस होता.

"माझ्यापायी तुझा भाऊ तुटला," एका दुपारी तिची पाठ पुसताना मास्तर म्हणाले.

तिची जीभ जड. शब्द गोळा करायला वेळ लागला. "खोटं बोलला असतात," ती म्हणाली, "तर मला रोज चालून दाखवावं लागलं असतं."

मास्तर हसले, आणि हसता हसता कमरेत उसण भरली.

मेहुणा अजून आलेला नाही. रविवारी दोघं आता चर्चच्या दाराजवळच्या बाकावर बसतात. तिला बरं कर, हे मागणं मास्तरांनी सोडलेलं नाही. मग तिला घरी आणतात, निजवतात आणि पुन्हा मशीनवर बसतात.