चातुर्मासातला कांदा

आमचे अप्पा चेन्नईत, माझ्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि अम्मा घरात सोवळं शिकवायची. दोघांचं वाजायचं ते कांद्यावरून. पेशी बघायला कांद्याच्या पापुद्र्यासारखं दुसरं काही नाही. पण चातुर्मासात कांदा आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. आम्ही मूळ तंजावरचे मराठी; गाव सुटलं तरी ही चाल सुटली नव्हती. मग अप्पा जेवायच्या केळीच्या पानाच्या शिरेवरून पापुद्रा सोलून आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. एकदा परीक्षेत मी ठोकून दिलं की पहिली पेशी केळीच्या पानात सापडली. अप्पांनीच पेपर तपासला, शून्य दिलं आणि घरी येऊन अम्माला म्हणाले, "हा तुझा निकाल."

जेवताना गोष्टी चालायच्या. बुचाच्या कापात रिकाम्या खोल्या पाहणारा इंग्रज. स्वतः घासलेल्या भिंगातून दातांवरच्या किटणातले वळवळते जीव पाहणारा डच कापडवाला. माझे आजोबा जॉर्ज टाउनमध्ये कापडाच्या पेढीवर होते, धागे मोजायचं त्यांचं भिंग घरात होतं, त्यामुळे हा डच मला नात्यातलाच वाटे. पुढे एक झाडांचा अभ्यासक आणि एक प्राण्यांचा अभ्यासक जेवणानंतर कॉफी पीत बोलत बसले आणि झाडं काय, प्राणी काय, बांधकाम एकच, हे दोघांच्या ध्यानात आलं. ती फिल्टर कॉफी होती, हे मी मनानेच जोडलं. पेशी पेशीतूनच जन्मते हे मात्र आधी पाहिलं एकाने आणि नाव झालं दुसऱ्याचं. इथे अप्पांचा घास हातातच राहायचा. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय!

अप्पा गेल्यावर अम्मा चेन्नईतच पेरुंगुडीला माझ्याकडे राहायला आली. सूक्ष्मदर्शकही आला, पण तिच्या कपाटात, आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तो असाच बंद राहिला तर अप्पांच्या गोष्टीही बंद होतील, माझ्या लेकीला त्या कधी कळणारच नाहीत, याची मला खरीच भीती वाटायची.

यंदा श्रावणात लेकीला शाळेने पेशी बघून यायला सांगितलं. मी भीत भीत अम्माकडे विषय काढला. ती उठून आत गेली. मग तिने कपाट उघडलं. मी केळीचं पान आणायला निघाले.

"पान नको," अम्मा म्हणाली. "वेंगायम आण."

कांद्याचं हे तमिळ नावसुद्धा या चार महिन्यांत तिच्या तोंडी कधी येत नसे.

"अम्मा, चातुर्मास आहे."

"ठाऊक आहे मला. उभा जन्म मागत होते ते. आण."

शेजारणीकडून कांदा आणला. लेकीने पाहिलं, मी पाहिलं. मग चष्मा काढून अम्मा आयुष्यात पहिल्यांदा त्या नळीवर वाकली. अप्पांनी किती वेळा बोलावलं होतं; तिला कधी स्वयंपाकातून सवडच झाली नव्हती.

"दिसतं का, अज्जी?" लेकीने विचारलं.

"दिसतं," अम्मा म्हणाली. "खोल्याच खोल्या. एकीतही ते नाहीत."