मर्यादाबाईंचे शुद्धिपत्र

राग आला की आमच्या बाईंचा आवाज खाली येत असे. इतर माणसे रागावली की खिडक्यांची तावदाने वाजतात. बाई रागावल्या की प्रयोगशाळेतल्या टाक्यांना हवा पुरवणाऱ्या पंपाची गुरगुर ऐकू येऊ लागे, कारण बाकी सगळे गप्प झालेले असत. नवीन मुले त्या मऊ आवाजाला फसत, आणि बाई आज खुशीत आहेत असे समजून आणखी काहीतरी बोलून बसत. जुनी मुले तोवर दाराशी पोचलेली असत.

बाई रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत. त्यांचे खरे नाव हजेरीपत्रकापुरते होते. एरवी सगळे त्यांना मर्यादाबाई म्हणत. कोणीही कशालाही 'नाही' म्हणाले की बाई विचारत, "मर्यादा काय?" शिपायाने कपाटात चावी नाही म्हणून सांगितले, तर वरचा खण पाहिला की सगळे खण पाहिले, हे त्याला सांगावे लागे. एका नव्या प्राध्यापकांनी रुजू झाल्याच्या दिवशी, मिरकरवाड्याच्या बंदरावर आज सुरमई नाही, असे सहज सांगितले. त्यावर "मर्यादा काय?" असा प्रश्न ऐकून, आपण परक्या बाईंशी काही मर्यादा सोडून बोललो की काय, या विचाराने ते बिचारे दिवसभर ओशाळलेले होते. त्यांनी फक्त जेटीचा अलीकडचा भाग पाहिला होता, एवढेच बाईंना जाणून घ्यायचे होते.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पाण्यातले विष यंत्राला एका ठरावीक प्रमाणापर्यंतच ओळखता येते. विष त्याहून कमी असेल तर यंत्र गप्प बसते. यंत्र गप्प बसले म्हणजे विष नाही असे होत नाही. या यंत्राला ते कळले नाही, एवढेच होते. त्या प्रमाणाला शोधमर्यादा म्हणतात. म्हणून अहवालात 'आढळले नाही' असे लिहायचे आणि लगेच पुढे यंत्राची मर्यादा लिहायची. नुसते 'नाही' लिहायचे नाही. "'नाही' म्हणायला देव लागतो," बाई म्हणत. "आपल्याकडे जुना गॅस क्रोमॅटोग्राफ आहे."

बाई मूळच्या पावसच्या, बागायतदाराच्या घरातल्या. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडा पडला की घरातली माणसे कशी हवालदिल होतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. त्यामुळे फवारणी करणाऱ्याला त्यांनी कधी खलनायक ठरवले नाही. त्यांचा प्रश्न साधा होता. कातळावरच्या कलमांवर फवारलेले औषध पुढे कुठे जाते? त्यासाठी त्या कलमांच्या आळ्यातली माती घेत, खालच्या मळ्यातल्या भाताची मुळे घेत, डोंगरावरून उतरणाऱ्या पऱ्याचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी घेत, आणि तो पऱ्या जिथे खाडीला मिळतो तिथल्या वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, घेत. त्यांच्या थोरल्या भावाने एकदा माझ्यासमोरच विचारले होते, की तुला संशोधन करायला आमचाच मोहोर सापडला काय. बाई म्हणाल्या, "दादा, आपल्या बागेचंही पाणी खालीच जातं." त्या दिवशी आम्हांला तिथे चहा मिळाला नाही.

महाविद्यालयाच्या वार्षिक संशोधनपत्रिकेच्या बाई संपादक होत्या. रसायनशास्त्रातले निबंध, खाडीतल्या विषाचे निबंध, भातशेतीचे, मातीचे आणि शेवटी कविता, असे सगळे एकाच बासनात बांधलेले असे. शहाणी माणसे त्या पत्रिकेला हसत. बाईंचे म्हणणे असे, की विषय वेगळे नाहीत, खोल्या वेगळ्या आहेत. पत्रिकेला भिंती कशाला? मराठीच्या विभागप्रमुखांनी तक्रार केली की तिसऱ्यांच्या निबंधाशेजारी छापल्यामुळे कवितेला मासळीचा वास येतो. "येऊ दे," बाई म्हणाल्या, "रत्नागिरीत छापतोय आपण."

त्या स्वतःही कविता लिहीत आणि स्वतःच्याच कविता निर्दयपणे कापीत. विशेषण म्हणजे अंदाजे घेतलेले माप, असे त्या म्हणत, आणि शक्यतो ते वापरत नसत. त्यांच्या चार ओळी मला पाठ आहेत:

शिंपला मिटला म्हणजे
आत काही नाही, असे नव्हे.
ओहोटीला विचारा,
तिला काय आढळले.

मी त्यांच्या हाताखाली एम.एस्सी. करत होते तेव्हाची ही गोष्ट. ऐन मोहोरात पऱ्याच्या तोंडाशी मासे मरून वर आले आणि बाजारात आवई उठली की खाडीच्या तिसऱ्यांत औषध उतरले आहे. तिसऱ्या विकणाऱ्या बायकांच्या टोपल्या तशाच परत जाऊ लागल्या. त्यांच्यातल्या शेवंतीकाकी एके दिवशी थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खाडीकाठच्या वाडीतल्या, आवाजाने खणखणीत, आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून ठेवणाऱ्या.

"बाय, खायाच्या का नाय, येवडंच सांग," त्या म्हणाल्या.

तपासणी व्हायची आहे, आणि यंत्राला मर्यादा आहे, हे बाईंनी त्यांना शक्य तितक्या सोप्या शब्दांत समजावले. काकींनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तुजी मर्यादा माज्या टोपलीत बसत नाय गो." बाई हसल्या. मला वाटते, आपल्या नावाचा तो विनोद त्यांना मनापासून आवडलेला तेवढा एकच.

ग्रामपंचायतीने महाविद्यालयाला रीतसर विनंती केली आणि आम्ही कामाला लागलो. पऱ्याच्या तोंडाचे पाणी आणि तिथल्या तिसऱ्यांचा अर्क यंत्रात घातला, यंत्र गप्प. पण बाईंनी दुसरी एक परीक्षा लावली होती. दोन टाक्यांत खाडीची वाळू घातली. एका टाकीत लांबून, स्वच्छ जागेवरून आणलेले पाणी. दुसरीत पऱ्याच्या तोंडाचे. दोन्हींत एकाच जागच्या जिवंत तिसऱ्या सोडल्या. तिसरी निरोगी असेल तर ती आपला मांसल पाय बाहेर काढते आणि थोड्या वेळात वाळूत शिरून दिसेनाशी होते. पहिल्या टाकीतल्या सगळ्या शिरल्या. दुसरीतल्या वाळूवर तशाच पडून राहिल्या, घट्ट मिटून. आम्ही पुन्हा केले, टाक्यांची अदलाबदल करून केले. तेच. बाई टाकीशी वाकून बराच वेळ पाहत होत्या. "यंत्राला आढळलं नाही," त्या हलकेच म्हणाल्या. "हिला आढळलंय."

अहवाल त्यांनी तसाच लिहिला. यंत्राला कीटकनाशक आढळले नाही, मर्यादा अमुक. मात्र या पाण्यात तिसऱ्या वाळूत शिरत नाहीत. म्हणून पऱ्याच्या तोंडाशी तिसऱ्या काढणे फवारणीच्या दिवसांत थांबवावे. खाडीच्या इतर भागाविषयी या तपासणीवरून काही सांगता येत नाही. मराठीत, कोणालाही कळेल असा. पत्रिकेत छापून तोच ग्रामपंचायतीला जायचा होता.

पत्रिका छापून आली तेव्हा त्या जागी एक ओळ होती: 'खाडीच्या तिसऱ्यांत कीटकनाशक नाही.' खाली बाईंचे नाव. प्रकाशन समारंभात तीच ओळ वाचून दाखवली गेली, वर्तमानपत्रात आली, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटली. मुद्रणालयात जाऊन बदल प्राचार्यांनी केला होता आणि त्यांनी ते लपवलेही नाही. संस्थेच्या अध्यक्षांच्या बागा त्याच पऱ्याच्या वरच्या अंगाला आहेत, हे रत्नागिरीत कोणाला सांगावे लागत नाही. प्राचार्यांनी कारण वेगळे दिले. सामान्य वाचकाला 'आढळले नाही' आणि 'नाही' यांत काय फरक कळणार, आपण लोकांसाठी सोपे केले, असे ते म्हणाले.

मी आज शाळेत विज्ञान शिकवते. सोपे करणे हाच माझा रोजचा धंदा आहे, आणि म्हणून या वाक्याचा मला आजही संताप येतो. सोपे करणे म्हणजे शब्द कमी करणे. अर्थ कमी करणे नव्हे. ज्याला आपण सामान्य वाचक म्हणतो, त्याच्याच पोटात ती तिसरी जायची असते. फरक कळण्याची सर्वांत अधिक गरज त्यालाच, आणि आपण फरक काढून घेऊन वर त्याच्या समजुतीला नावे ठेवायची! याला मी चूक म्हणत नाही. चूक अजाणता होते.

पुढच्या मोहोरात पऱ्याच्या तोंडाशी तिसऱ्या मरून उघड्या पडल्या. सगळा पट्टा. वाडीत वास सुटला. शेवंतीकाकी पुन्हा दारात आल्या, आणि या वेळी त्यांनी चपला काढल्या नाहीत. टोपलीतले उघडे शिंपले त्यांनी बाईंच्या टेबलाशी ओतले.

"तुज्या नावाखाली लिवलंय, बाय. नाय म्हनून."

प्राचार्यांचे नाव घेणे बाईंना सहज शक्य होते. त्या म्हणाल्या, "नाव माझं आहे, काकी. शब्द माझा नाही."

"माज्या टोपलीला दोनी सारकंच," काकी म्हणाल्या आणि निघून गेल्या. बाईंनी शिंपले स्वतः गोळा केले. मला हात लावू दिला नाही.

त्या दिवसापासून बाईंना एकच गोष्ट हवी होती: पत्रिकेत शुद्धिपत्र. दोन ओळींचे. प्राचार्यांनी प्रथम जागा नाही म्हटले, मग वेळ गेली म्हटले, मग संस्थेच्या प्रतिमेचा प्रश्न काढला. प्रत्येक वेळी बाईंचा आवाज आणखी खाली गेला. शेवटी पत्रिकेचे संपादकपदच काढून घेतले गेले. नव्या संपादकांनी पहिल्या अंकात मोराचे चित्र छापले. तरीही अंक निघायची वेळ आली की बाई शुद्धिपत्र टंकून देत, आणि अंक त्यावाचून निघे. सहकारी त्यांना समजावत, बाई, एका शब्दासाठी किती? ही समजावणारी माणसे मला प्राचार्यांहून अधिक खुपतात. प्राचार्यांचा निदान काहीतरी स्वार्थ होता. यांनी ते खोटे फुकट गिळले.

छापत नाहीत, तर तोंडाने सांगते, असे म्हणून बाई दर मोहोराला खाडीकाठी जाऊ लागल्या. ओहोटीची वेळ पाहून जायच्या, चिखलात उतरलेल्या बायकांना मोठ्याने सांगायच्या, की कागदावर 'नाही' लिहिले आहे ते खोटे. मला आढळले नव्हते, एवढेच खरे. या तोंडाशी काढू नका. शेवंतीकाकी पहिल्या खेपेला पाठ करून उभ्या राहिल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी पाठ केली नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "आयकलं गो बाय. घसा बसेल." पण गेलेला पट्टा परत आला नाही. काकींना तिसऱ्यांसाठी आता पलीकडच्या तीरावर जावे लागते.

बाई निवृत्त झाल्या, पावसला जाऊन राहिल्या. भाऊ बोलू लागला होता. फवारणीचे पंप पऱ्यात धुणे त्याने बंद केले होते, याचे श्रेय मात्र त्याने बहिणीला दिले नाही. मी भेटायला गेले की बाई पहिला प्रश्न विचारीत, "छापलं?" मी नाही म्हणे. त्या वेळी त्या मर्यादा विचारीत नसत.

गेल्या पावसाळ्याअखेरीस बाई गेल्या. महाविद्यालयाच्या सभागृहात शोकसभा झाली. तसबिरीला हार, उदबत्ती, समोर जुने विद्यार्थी, शेवटच्या रांगेत शेवंतीकाकी. तेच प्राचार्य, आता संस्थेच्या कार्यकारिणीवर असलेले, बोलायला उठले. बाईंची शिस्त, बाईंची विद्यार्थ्यांवरची माया, बाईंची निसर्गप्रेमी कविता, असे सगळे झाले. मग डोळे पुसून ते म्हणाले, की काही मतभेद झाले असतील, पण बाईंचे मन निर्मळ होते. त्यांच्या मनात कोणाविषयी राग नव्हता.

मी उभी राहिले. बोलायची यादी वेगळी होती, माझे नाव तिच्यात नव्हते.

"सर," मी म्हटले, "'नव्हता' असं म्हणू नका. 'मला आढळला नाही' असं म्हणा. आणि पुढे तुमची मर्यादा सांगा."

ते खाली बसायला सांगू लागले. मी बसले नाही. शुद्धिपत्र मला पाठ होते. ते मी सांगितले. 'मागील अंकात खाडीच्या तिसऱ्यांविषयी 'नाही' असे छापले आहे. तेथे 'पऱ्याच्या तोंडाशी, या यंत्राच्या मर्यादेपर्यंत, आढळले नाही' असे वाचावे. आणि त्या पाण्यात तिसऱ्या वाळूत शिरल्या नाहीत, हे वाक्य गाळले आहे, तेही वाचावे.' मागून काकींचा खणखणीत आवाज आला, "अजून येकदा वाच गो." मी पुन्हा सांगितले.

मला ओरडायचे होते. पण सभागृहातले पंखे स्वच्छ ऐकू येऊ लागले, तेव्हा माझ्या लक्षात आले की आपला आवाज खाली गेला आहे. प्राचार्यांना वाटले मी शांत झाले. ते हसून म्हणाले, "झालं ना समाधान?"

जुनी मुले दाराकडे पाहू लागली.