कोरड्या भाकरीचा पाहुणचार

तापीकाठच्या आम्हा गुजर मंडळींना एक खोड आहे. घरात काही नसलं, तरी पाहुण्याला ते दिसू द्यायचं नाही. एका दुष्काळात ही खोड सगळ्या गावाला भोवली. पिकाची आणेवारी ठरवायला मामलेदार आले, तर आमच्या चुनीलालकाकांनी, म्हणजे गावच्या पाटलांनी, त्यांना विहिरीवरची हिरवीगार केळी दाखवली आणि वर तुपात भिजलेले मांडे खाऊ घातले. तालुक्याच्या गावी पाऊस बरा पडला होता, आणि सरकारदरबारी सगळ्या तालुक्याला आभाळ एकच असतं! कागदावर आमचं पीक चांगलं ठरलं. शेतसारा माफ झाला नाही.

पासष्ट साली पावसाने पुन्हा दडी मारली, मामलेदार पुन्हा आले. या वेळी काकांची बायको, दगूकाकी, केळीच्या वाटेवर आडवी उभी राहिली. पाटलाच्या घरची बाई, डोक्यावर पदर. पण तिनं साहेबांना सरळ करपलेल्या ज्वारीत नेलं, बांधावर बसवलं आणि कोरडी भाकर नि मिरची पुढ्यात ठेवली.

"औंदा आम्हना घरमा हाईच शे, साहेब. खाई ल्या."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब मात्र भाकर खाऊन उठले आणि मग स्वतःहून गावाचं सगळं शिवार फिरले.

सारा माफ झाल्याची दवंडी पिटली, तेव्हा चावडीवर कुणीतरी साहेबांचं कौतुक करू लागलं. काका उसळले, "तूप कोनी बी वाढस. पाहुनाले कोरडी भाकर वाढाले छाती लागस!"