बदकाचा कोरडा पाय

घरोघर पाणी भरणाऱ्या त्या माणसाला सगळे बदक म्हणत, कारण तो घरात कमी आणि तळ्यात जास्त असे. काठाचं पाणी गढूळ, म्हणून तो गुडघाभर आत शिरून मधलं नितळ पाणी घागरींत भरायचा. आपल्या पाण्याचा त्याला भारी तोरा होता. कुणी फडक्यातून गाळून घेतलं, तर स्वारी दिवसभर घुश्शात.

त्या उन्हाळ्यात त्याच्या नडगीवर फोड आला. आग आग व्हायला लागली, म्हणून त्याने पाय तळ्यात बुडवला, तसा फोड फुटला. आतून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक डोकावलं. नारूचा जंत!

नर्सबाईंनी ते टोक काडीला गुंडाळलं. "रोज थोडंच गुंडाळायचं. ओढलंत तर तुटेल आणि पाय सुजेल."

"हा आत शिरला कुठून?"

"वर्षापूर्वी पाण्यातून प्यायलात. नितळ दिसलं तरी त्यात बारीक जीव असतात, आणि त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. पाणी गाळून प्या. आणि हा पाय पाण्यात गेला की नारू तिथे नवी पिल्लं सोडतो. जखम भरेपर्यंत तळ्यात पाय घालायचा नाही."

आपण आधीच पाय बुडवलाय, हे सांगायला त्याची जीभ रेटेना.

बायकोने कावड धाकट्या दिराच्या खांद्यावर दिली आणि रांजणावर घट्ट विणीचं फडकं बांधलं. काडी लवकर फिरवायला तो बघायचा, तेव्हा म्हणायची, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

दुपारी डोळा लागला की तळंच घरात यायचं. खाटेखाली गार पाणी हलायचं, भिंतींवर त्याचे कवडसे फिरायचे. एका दुपारी तो त्या पाण्यामागून चालत निघाला. झोपेत की जागेपणी, त्यालाच कळलं नाही. तळ्याच्या शेवटच्या पायरीवर त्याने दुखरा पाय उचलला.

समोर गुडघाभर पाण्यात त्याची लहानगी नात उभी होती, ओंजळीने पीत.

"आजोबा, या ना. मी तुमच्यासारखं मधलं पाणी पितेय."

पाय पाण्यासाठी तळमळत होता. त्याने तो मागे घेऊन तापलेल्या दगडावर टेकला.

"बाहेर ये, बाळ. घरी गाळलेलं आहे, ते पी."

नारू हळूहळू निघाला, जखम भरली. पण आपण पाय बुडवलेलं पाणी नात प्यायली, ही भीती मनातून गेली नाही. दारोदार जाऊन तो "फोड आलाय का कुणाला?" विचारायचा आणि पाणी स्वतः गाळून ओतायचा. रोज संध्याकाळी नातीचे पाय धुवायचा, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बोटं फिरवत.

"गुदगुल्या होतात, आजोबा."

"होऊ देत."

पुढचा उन्हाळा आला आणि सरला. एका संध्याकाळी तिचे पाय पुसून त्याने घरी आलेल्या नर्सबाईंना विचारलं, "हिला आता नारू नाही ना येणार?"

"वर्ष उलटून गेलं. आता नाही."

बदक तिथेच ओट्यावर बसला, नातीचे पाय छातीशी धरून, आणि ढसाढसा रडला.