नसलेली दाढ

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचायचे आणि पान उलटायचे. मी दातांची डॉक्टर आहे. एक्स-रेत दिसतं त्यावर माझा विश्वास, दिसत नाही त्यावर नाही... निदान गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी असंच होतं.

माझा दवाखाना कोल्हापुरात, राजारामपुरीत. खाली कोचिंग क्लास, वरच्या मजल्यावर मी. एका सोमवारी दुपारी कागलजवळच्या खेड्यातून एक बाई आल्या. खरं नाव देत नाही, अक्काताई म्हणू. पन्नाशीच्या, अंगानं काटक, उजवा गाल तळहातात धरलेला.

"मॅडम, खालची दाढ. तीन दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाई. कायबी करा, पर थांबवा."

मी तोंड उघडायला सांगितलं. त्यांनी बोट ठेवलं तिथे दाढच नव्हती. भरून आलेली, स्वच्छ हिरडी.

"मावशी, ही तर आधीच काढलेली आहे."

"आठ वर्षं झाली की. मलाबी ठावं हाय. पर दुखतीया तीच."

कधीकधी मुळाचा तुकडा आत राहतो, म्हणून एक्स-रे काढला. काही नाही. शेजारचे दात ठोकून पाहिले, ठणठणीत. तरी त्यांचा एकच हट्ट – मग शेजारची काढा. असे पेशंट येतात. पण दात काढायचा तो वाचवण्यासारखा उरला नसेल तेव्हा... मूळ चिरलंय, हाड खचलंय, परत परत पू होतोय. चांगला दात काढला तर दात जातो आणि दुखणं तिथंच राहतं. मी नाही म्हटलं. गोळ्या लिहून दिल्या आणि... हे लिहायला जड जातंय... "मनाचं असेल मावशी, फार विचार करू नका" असं सांगून त्यांना घरी पाठवलं.

गुरुवारी त्या परत आल्या. उजवा गाल अजून तसाच तळहातात धरलेला.

या वेळी मी भुलीचं इंजेक्शन देऊन ती बाजूच बधिर केली. दुखणं तिथलं असेल तर थांबायलाच हवं. दहा मिनिटांत ओठ, जीभ, हिरडी सगळं बधिर. टोचलेलंही कळेना.

"आता?"

"हाय तसंच हाय." मग जरा लाजत म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू? तोंडाला मिश्रीची चव येतीया. मी जन्मात कधी मिश्री लावली न्हाई."

मी त्या मोकळ्या हिरडीवर पांढरा कापूस दाबला आणि उचलला. त्यावर काळपट तपकिरी डाग होता. भाजलेल्या तंबाखूचा, मिश्रीचाच वास येत होता. माझ्या असिस्टंटनं वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा तोंडात आरसा घालून पाहिलं – दातांवर, हिरड्यांवर, कुठे म्हणजे कुठे मिश्रीचा कण नाही.

मी का विचारलं कोण जाणे. "तुमच्यात मिश्री कोण लावतं?"

अक्काताई म्हणाल्या, "धाकटी जाऊ. राधानगरीकडं असती. चार वर्षं झाली, आमचं बोलणं न्हाई. तिच्या पोरीला स्थळ मी आणलं हुतं. पोरीला लई सोसावं लागलं तिथं. तवापासनं ती माझं तोंड बघत न्हाई."

"तिला फोन लावा."

"मी न्हाई लावणार."

नंबर घेऊन मीच लावला. त्यांच्या दिरानं उचलला. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, तुमच्या मिसेसना दाताचा काही त्रास आहे का?

ते म्हणाले, "तुमास्नी कुणी सांगितलं? कुणालाच सांगितलं न्हाई आमी. हनुवटीखाली लई सुजलंय. दोन दिस तोंडच उघडंना. आज पानीबी गिळंना. गालगुंड असंल म्हणून लेप लावलाय..."

दाढेचा पू असा जबड्याखाली उतरला की श्वास बंद व्हायला वेळ लागत नाही. मी जवळजवळ ओरडलेच, "लेप राहू दे! आत्ताच्या आत्ता गाडी करा, कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात आणा. आडवं झोपवू नका, बसवून आणा!"

फोन ठेवून वळले. अक्काताईंचा हात गालावरून खाली आला होता.

"थांबलं?"

"व्हय," त्या म्हणाल्या. आणि रडायला लागल्या.

शनिवारी मी त्या दवाखान्यात गेले. जाऊबाई वाचल्या होत्या. पू काढला होता, श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलं होतं. काढलेली दाढ खालची, उजवीकडची... अक्काताईंची नसलेली तीच. तिथले सर्जन सहज बोलून गेले, "तीन दिवस आधी आल्या असत्या तर नुसती दाढ काढून भागलं असतं."

तीन दिवस आधी म्हणजे सोमवार. त्याच दिवशी मी अक्काताईंना घरी पाठवलं होतं.

अक्काताई बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. मी विचारलं, "आत जाऊन आलात?"

"गेलते. तिनं हात धरला. तिला बोलता येत न्हवतं... मला तरी कुठं येत हुतं?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, तिला लेक हाय, सख्खी भन हाय. मग माझ्याकडंच का आलं हे?"

मी त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसले.

जाऊबाईंचा आवाज आज वर्षानंतरही घोगराच आहे. मी दोन सीनियर डॉक्टरांना विचारलं. काढलेल्या दाताच्या जागी दुखू शकतं, नसांचा प्रकार असतो, असं दोघंही म्हणाले. ते मलाही माहीत आहे. पण कापसावरचा डाग कुठून आला, हे कुणी सांगितलं नाही. कापूस नियमाप्रमाणे त्याच दिवशी टाकला गेला, म्हणजे दाखवायलाही काही नाही.

हल्ली एक्स-रे स्वच्छ निघाला आणि पेशंट तरीही दुखतंय म्हणाला, की मी हळूच विचारते, "घरात आणखी कुणाचं दुखतंय का?" पेशंट विचित्र नजरेनं बघतात. बघू देत. त्यांचं उत्तर येईपर्यंत मी पुढचा पेशंट आत घेत नाही.