डोळे मिटून पाहणारे हवालदारकाका

बंदूक हातात आली की हवालदारकाका प्रथम डोळे मिटून घेत. वसईच्या कोर्टाजवळ परवानाधारक शस्त्रविक्रीचे एक जुने दुकान आहे. तिथे काउंटरच्या मागे एका अरुंद बाकावर ते बसत. मांडीवर रायफल आडवी घेत, अंगठा नळीवरून सावकाश लाकडी दस्त्यापर्यंत नेत आणि मग पापण्या न उघडताच बोलू लागत. घडण कोणत्या काळातली, फौजेत किती वापरली गेली असावी, कोणता भाग मागाहून बसवला आहे, हे सगळे सांगून झाल्यावरच खिशातला चष्मा बाहेर येई आणि धातूवरचे आकडे वाचले जात. आकडे बहुतेक वेळा त्यांच्या बोटांच्या बाजूने साक्ष देत.

हा प्रयोग गिऱ्हाइकांवर छाप पाडण्यासाठी असावा, अशी माझी पहिली समजूत होती. मी तेव्हा पदार्थविज्ञानात एम.एस्सी. पूर्ण केले होते आणि जे मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा माझा बाणा होता. एकदा मी कारण विचारले. ते म्हणाले, "आकडे आधी बघितले की डोळे आकड्यांचंच ऐकतात, बाय. मग हात काय सांगतोय ते कोन ऐकनार?" प्रयोगशाळेत नमुन्यांची नावे तपासणाऱ्यापासून लपवून ठेवतात, ती याच कारणासाठी. मला ते पुस्तकातून शिकावे लागले होते. हा माणूस दुरुस्तीच्या टेबलापाशी उभा राहून स्वतःच तिथवर पोहोचला होता.

मूळचे ते खाडीकाठचे. घरी भातशेती, आणि बोलण्यात तिकडचा 'न' शेवटपर्यंत टिकलेला. ऐन तारुण्यात फौजेत गेले आणि पुढची सारी नोकरी शस्त्रे दुरुस्त करण्यात घालवली. "मी लढनारा नाय, लढनाऱ्यांच्या बंदुका नीट ठेवनारा," असे ते सांगत, आणि त्यात कमीपणाचा लवलेश नसे. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर सकाळी सातिवलीला मुलाच्या लेथ मशीनच्या गाळ्यात आणि दुपारी रिक्षाने या दुकानात, असा त्यांचा क्रम होता. दुकानाच्या मालकांना सगळे शेठ म्हणत. शेठ परवान्यांचे कागद सांभाळत आणि हवालदारकाकांची यथेच्छ थट्टा करत.

त्यांची आणखी एक सवय मला सुरुवातीला हास्यास्पद वाटे. रायफल उचलली की ते बोल्टची सरकती दांडी मागे ओढत, काडतूस बसते त्या जागेत करंगळी घालून ती रिकामी असल्याची खात्री करून घेत. दोन मिनिटांसाठी खाली ठेवून पुन्हा उचलली तरी तेच.

"काका, आत्ताच तर पाहिलंत," मी म्हणाले होते.

"मघाशी पायली होती. आत्ता कुठं पायलीय?"

शेठ हसत म्हणाले, "घरी जेवायला बसतात तेव्हा ताटातही करंगळी घालून बघतात."

"म्हनून तर अजून दहाही बोटं आहेत," काकांनी करंगळी वर करून दाखवली.

त्यांची माझी गाठ पडली ती आमच्या रायफलीमुळे. पापडीला आमची वाडी आहे, आणि पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आजोबांची भातशेती होती. तिथे रानडुकरे उतरत म्हणून त्यांनी परवाना काढून ही रायफल घेतली होती. दिसायला ती थेट फौजी. फौजेतूनच उतरलेली आहे, असे आजोबा छातीठोकपणे सांगत. पण कागद काही नव्हता. आजोबांनंतर परवाना बाबांच्या नावावर झाला. शेती गेली, डुकरे गेली आणि रायफल कपाटात राहिली. अशात मला परदेशी विद्यापीठात पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाच्या राहण्याखाण्याची तजवीज मात्र आम्हालाच करायची होती. शेठच्या ओळखीचे, जुन्या शस्त्रांचे नाशिकचे एक संग्राहक रायफल विकत घ्यायला तयार होते. त्यांची अट एकच: रायफल सर्वस्वी मूळची असली पाहिजे, सर्व भागांवर एकच आकडा असला पाहिजे आणि तसे हवालदारकाकांनी लिहून दिले पाहिजे. तसे झाले तर माझे वर्ष निभावणार होते.

दुकानात नेण्याआधी मी रायफल स्वच्छ केली. तपासणीपूर्वी नमुन्याचा पृष्ठभाग घासून घ्यावा, हे आमच्या शाखेतले पहिले शिक्षण. दस्ता काळपट, तेलकट झाला होता. मी पॉलिश पेपर आणला आणि दोन दुपारी खपून आतले तांबूस लाकूड बाहेर काढले. बाबा म्हणाले, "नवी दिसतेय गं अगदी!" मला ती शाबासकी वाटली.

बाबा आणि मी रायफल घेऊन दुकानात गेलो. काकांनी करंगळीचा विधी उरकला आणि डोळे मिटले. नळीवरून अंगठा सरकत गेला. "फौजेचीच. नळी मूळची. बोल्टही हिचाच, एकमेकांना सरावलेत." बाबांनी माझ्याकडे पाहिले. अंगठा दस्त्यावर आला आणि थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा आला. काकांनी डोळे उघडले, पण रायफलीकडे पाहिलेच नाही. ते माझ्या हातांकडे पाहत होते. माझ्या नखांत अजून तांबूस भुसा होता.

"काय केलंस, बाय?"

"साफ केली, काका."

"साफ?" एवढेच म्हणून त्यांनी अंगठा दस्त्यावरून उचलला. मग शांतपणे सांगू लागले. फौजेच्या दस्त्यावर तपासणीचा गोल ठसा असतो आणि खाली आकडा. ते लाकडात ठोकलेले असतात. वरचा काळा थर म्हणजे इतक्या वर्षांचे हातांचे तेल. तोच वयाचा दाखला. "किंमत बंदुकीची नसते. तिला कोनी बदललं नाय, त्याची असते."

मी पुरावाच घासून टाकला होता.

"शेठ, चहाचं पानी चढवा," काका म्हणाले.

"चहा? आत्ता?"

"चहा नको. पानी पायजे."

उकळत्या पाण्यात त्यांनी पंच्याचा कोपरा भिजवला, पिळला आणि दस्त्याच्या डाव्या अंगावर दाबून धरला. पुन्हा भिजवला, पुन्हा दाबला. मग शेठकडून बॅटरी घेतली, दुकानाचा दिवा मालवायला लावला आणि उजेड लाकडाच्या अंगाला लागून आडवा सोडला. गुळगुळीत, ओल्या लाकडातून काहीतरी वर येत होते. आधी एक अर्धवर्तुळ, मग त्याची दुसरी बाजू, आणि खाली एकामागून एक अंक, जणू कोणी आतून ढकलत होते.

"ठोकताना लाकूड आत दबतं," काका म्हणाले. "तू वरचं घासलंस. दबलेलं तसंच राह्यलं. पानी पिऊन ते फुगलं."

धातूच्या बाबतीत हे मला ठाऊक होते. ठोकलेला आकडा कानशीने घासून टाकला तरी त्याखालचा ताण धातूत उरतो, यावर मी परीक्षेत सविस्तर उत्तर लिहिले होते. लाकडालाही तशीच आठवण असू शकते, हे माझ्या मनात कधी आले नव्हते. "फोटो काढ लवकर, वाळलं की बसेल," काकांनी बजावले. मी लगेच काढला. दस्ता, नळी, बोल्ट: तिन्हीकडे एकच आकडा. आजोबा खरे बोलत होते.

मग दाखला लिहायची वेळ आली. काकांचा हात लिहिताना कापे, म्हणून ते सांगत होते आणि मी लिहीत होते. घडण, काळ, आकडे, सगळे उत्तम. शेवटी ते म्हणाले, "लिही. दस्ता अलीकडे घासलेला आहे. ठसा ओला केल्यावर दिसतो, एरवी नाय."

माझे पेन थांबले. "काका, ही ओळ नाही लिहिली तर? ते विचारणार नाहीत कदाचित."

"नाय विचारनार. माझ्या नावावर विश्वास आहे त्यांचा."

"मग?"

"म्हनूनच तर लिहायला सांगतोय." बाबा दाराबाहेरच्या रहदारीकडे पाहत होते. काका पुढे म्हणाले, "तुझी गरज मला कळते, बाय. सही मात्र माझी आहे."

मी ओळ लिहिली. त्यापुढे, कोणी न सांगता, 'घासण्याची चूक माझी' असे लिहून माझे नाव घातले. नाशिकचे गृहस्थ आले, त्यांनी कागद दोनदा वाचला, दस्त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "एवढं स्पष्ट लिहिलंत, म्हणून निम्मी तरी किंमत देतो." रायफल त्या भावात दिली, पण निम्म्यात माझे वर्ष बसत नव्हते. विद्यापीठाने प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलायला परवानगी दिली, तेवढाच दिलासा.

उरलेले पैसे जमवण्यात ते वर्ष गेले, आणि त्यातला दर शनिवार मी त्या बाकावर काकांच्या शेजारी काढला. पहिले दोन महिने त्यांनी मला कशालाही हात लावू दिला नाही. हात पाठीमागे बांधून पाहायचे आणि काय बदलले असावे ते सांगायचे. चुकले की शेठ ओरडत, "डॉक्टरीणबाईंना पॉलिश पेपर द्या रे!" बरोबर आले की काका फक्त पुढची रायफल उचलत. त्यांच्या उजव्या डोळ्याने तर कधीच दिसेनासे झाले होते आणि डावाही मावळत चालला होता, हे मला फार उशिरा कळले. कामात त्याने तसूभर फरक पडला नव्हता.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला सातिवलीला गेले. लेथ मशीन चालू होते. माझा आवाज त्यांना ऐकू आला नाही. मी समोर हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि अंगठा माझ्या तळव्यावरून बोटांच्या टोकांपर्यंत सावकाश नेला. परत आणला. मी निकालाची वाट पाहावी तशी उभी होते.

"घाई गेलीय," ते म्हणाले. "जा आता."

त्या हिवाळ्यात काका गेल्याचे शेठनी फोनवर कळवले. मी प्रयोगशाळेत होते. समोर नवा नमुना होता, गंजलेला, काळा. घासायचा कागद शेजारी तयार होता. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि बराच वेळ नुसती पाहत उभी राहिले.